हिरड्यांची सफाई: हाताने की मशीनने?

नागपुरात कुठल्याही सरकारी दंत ओपीडीत हिरड्यांच्या विभागाबाहेरच्या बाकावर दोन प्रकारचे रुग्ण हमखास शेजारी शेजारी बसलेले दिसतात. एकाला मशीनची भीती असते. ‘‘मशीननं दात ढिले होते म्हनते, हातानंच करून द्या न जी,’’ अशी त्याची विनंती असते. दुसऱ्याची शंका नेमकी उलटी. डॉक्टरांच्या हातात बारीक आकड्यासारखे अवजार दिसले की तो शेजाऱ्याच्या कानात पुटपुटतो, ‘‘सरकारी दवाखाना हाय म्हनून हातानं खरडून राहिले. खासगीत मशीन असते.’’

दोघांच्याही मनात गैरसमज आहे आणि त्याची किंमत कमी नाही. पहिला घाबरून उपचार टाळतो. दुसरा अर्धवट उपचारानंतर पुढच्या तारखेला येत नाही. दोघेही पाच-सात वर्षांनी पुन्हा येतात तेव्हा दात हलत असतात आणि सफाईऐवजी दात काढण्याची वेळ आलेली असते.

हात चांगला की मशीन, हा प्रश्न फक्त रुग्णांचाच नाही. दंतवैद्यकातही त्यावर अनेक दशके अभ्यास झाला आहे. त्यातून निघालेले उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. ते समजून घेण्यासाठी आधी आजार समजून घ्यायला हवा.

कीटण कुठून येते?

दातांवर दिवसभर जिवाणूंचा एक चिकट, पांढुरका थर साचत असतो. ब्रशने तो निघतो. निघाला नाही तर लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसतात आणि काही दिवसांत तो दगडासारखा टणक होतो. हेच कीटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त दिसते, कारण लाळग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. ‘आमच्या बोअरिंगचे पाणी जड आहे म्हणून कीटण येते’ असे अनेकजण सांगतात. पण कीटणातले क्षार पाण्याच्या ग्लासातून नव्हे, आपल्याच लाळेतून येतात.

सुरुवातीला हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश करताना रक्त येते. या टप्प्यावर सफाई झाली तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष केले तर सूज खोल उतरते. निरोगी दाताभोवती हिरडीची खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. आजारात हिरडी दातापासून सुटते, खालचे हाड झिजू लागते आणि ही खाच चार, सहा, कधी आठ मिलिमीटरपर्यंत खोल जाते. दंतवैद्य त्याला ‘पॉकेट’ म्हणतात. या कप्प्यात मुळाला चिकटून काळपट, अतिशय कडक कीटण बसते. आरशात ते दिसत नाही आणि ब्रशही तिथे पोहोचत नाही. एकदा झिजलेले हाड सहसा पुन्हा भरून येत नाही. म्हणूनच वेळ महत्त्वाची.

शस्त्रक्रियेविना उपचार करायचा म्हणजे हिरडी न कापता, या कप्प्यात अवजार घालून मुळावरचे कीटण आणि जिवाणूंचा थर काढायचा. हे काम हाताच्या अवजाराने होते, मशीननेही होते.

हजार वर्षांचे अवजार

कीटण खरवडून काढण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत ‘दंतशर्करा’ या नावाने त्याचे वर्णन आहे आणि ती काढण्यासाठी दंतशंकू हे अवजार सांगितले आहे. दाताच्या मुळाला इजा न होऊ देण्याची ताकीदही तिथेच आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कॉर्डोबाजवळ राहणारे शल्यचिकित्सक अल-जहरावी यांनी कीटण काढण्याच्या चौदा अवजारांचा संच वर्णन केला होता.

आज वापरात असलेल्या हाताच्या अवजारांतील सर्वांत प्रसिद्ध कुटुंब म्हणजे ग्रेसी क्युरेट. अमेरिकेतील मिशिगनचे दंतवैद्य डॉ. क्लेटन ग्रेसी यांच्या नावाने ती ओळखली जातात. त्यांची खुबी अशी की प्रत्येक अवजार ठराविक दातांच्या ठराविक बाजूसाठी वाकवलेले असते. पुढच्या दातांना एक, दाढेच्या पुढच्या बाजूला दुसरे, मागच्या बाजूला तिसरे. पात्याची एकच कड धारदार असते, त्यामुळे दुसरी बाजू हिरडीला कापत नाही.

या अवजाराचे बळ बोटांच्या स्पर्शात आहे. कीटण असलेल्या जागी अवजार खरखरते, अडखळते. साफ झालेल्या जागी गुळगुळीत सरकते. डोळ्यांना न दिसणारी जागा बोटे वाचतात. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या हाती म्हणूनच आधी हाताची अवजारे दिली जातात. ज्याला हाताने कीटण जाणवत नाही, त्याला मशीननेही ते नीट काढता येत नाही.

मर्यादाही आहेत. क्युरेटला वारंवार धार लावावी लागते. धार गेलेले पाते कीटण काढण्याऐवजी त्याला पॉलिश करते. वरून गुळगुळीत लागते, आत कीटण तसेच. शिवाय वेळ लागतो, मनगट दुखते. दिवसभरात अनेक रुग्ण तपासणाऱ्या दंतवैद्याला ही मनगटाची दुखणी वर्षानुवर्षे सोबत करतात.

मशीन घासत नाही, थरथरते

अल्ट्रासोनिक मशीन दंतवैद्यकात आले १९५० च्या दशकात. सुरुवातीला त्याचा उपयोग किडलेला दात कोरण्यासाठी करून पाहिला गेला. ते फारसे जमले नाही, पण १९५५ च्या सुमारास त्याच तंत्राने कीटण काढता येते हे लक्षात आले.

अनेकांना वाटते मशीनमध्ये फिरणारा ड्रिल किंवा घासकागद असतो. तसे नाही. मशीनचे टोक सेकंदाला साधारण २५ हजार ते ४५ हजार वेळा थरथरते. ही थरथर डोळ्यांना दिसतही नाही, कारण टोक मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतके, बहुतेक वेळा त्याहूनही कमी, हलते. या कंपनांनी कीटण तडकून सुटते. सोबत पाण्याचा फवारा सतत चालू असतो. तो टोक थंड ठेवतो आणि कप्प्यातला मळ, रक्त, जिवाणू धुऊन काढतो. हाताच्या अवजाराला हे धुण्याचे काम जमत नाही.

मशीनचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात चुंबकीय क्षेत्रामुळे धातूच्या पट्ट्या आखडतात-प्रसरतात. दुसऱ्यात विजेच्या दाबाने स्फटिक किंवा सिरॅमिकच्या चकत्या आकार बदलतात. हा दुसरा गुणधर्म पियरे क्युरी आणि त्यांचे बंधू जॅक यांनी १८८० मध्ये केलेल्या शोधावर उभा आहे. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींचे काम सारखेच.

मशीन धरण्याची पद्धत मात्र महत्त्वाची. टोकाची बाजू दाताला समांतर, हलक्या हाताने फिरवायची असते. टोक दातावर काटकोनात रोवून दाबले तर मुळावर ओरखडे पडतात. टोक झिजते, तसे मशीनचे कामही मंदावते. जसे क्युरेटला धार, तसे मशीनला वेळच्या वेळी नवे टोक.

शेजारी शेजारी ठेवून पाहिले तेव्हा

या दोन पद्धतींची गाजलेली तुलना स्वीडनमध्ये झाली. बॅडरस्टेन, निल्वेउस आणि एगेलबर्ग या संशोधकांनी १९८१ मध्ये १५ रुग्णांच्या तोंडात काही दात हाताने आणि काही मशीनने साफ केले आणि वर्षभराहून अधिक काळ तपासत राहिले. एकाच माणसाच्या तोंडात दोन्ही पद्धती असल्याने तुलना न्याय्य होती. निष्कर्ष असा की कप्प्यांची खोली, रक्त येणे, हिरडीची पकड या सगळ्यांत दोन्ही बाजूंनी सारखीच सुधारणा झाली. १९८४ मध्ये त्यांनी अधिक बिघडलेल्या हिरड्यांच्या १६ रुग्णांवर दोन वर्षे हाच अभ्यास केला. निकाल तोच.

त्यानंतर अनेक अभ्यास झाले. २००२ मध्ये ते एकत्र करून तपासले गेले, तेव्हाही परिणामात फरक आढळला नाही. फरक होता तो वेळेत. मशीनने तेच काम सुमारे एक तृतीयांशाहून अधिक वेळ वाचवून झाले होते. युरोपातील हिरडी-विकार तज्ज्ञांच्या महासंघाने २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही हेच म्हटले आहे: हाताची अवजारे किंवा मशीन, एकेकटी किंवा मिळून, काहीही वापरले तरी चालेल.

सफाई नीट झाली तर फायदा किती? मध्यम खोलीच्या, म्हणजे चार ते सहा मिलिमीटरच्या कप्प्यांची खोली सरासरी सव्वा मिलिमीटरने आणि सात मिलिमीटरहून खोल कप्प्यांची सुमारे दोन मिलिमीटरने कमी होते. आकडा छोटा वाटेल. पण हा दोन मिलिमीटरचा फरकच दात वाचणे आणि दात जाणे यांतला फरक ठरू शकतो.

एका जागी मात्र मशीनचे पारडे जड ठरते. दाढेला दोन किंवा तीन मुळे असतात. हाड झिजले की त्यांच्यामधले बेचके उघडे पडते आणि तिथे कीटण साचते. १९७९ मध्ये केलेल्या मोजमापात दाढांच्या दहापैकी आठ बेचक्यांचे तोंड एक मिलिमीटरहूनही अरुंद आढळले. क्युरेटचे पाते साधारण तेवढेच किंवा थोडे कमी रुंद असते. म्हणजे अनेक बेचक्यांत हाताचे अवजार शिरतच नाही. मशीनची नवी, सुईसारखी बारीक टोके तिथे शिरतात. उलट, वेडीवाकडी मुळे किंवा मशीननंतरही उरलेला एखादा चिवट तुकडा काढायला क्युरेटच लागते. अनुभवी दंतवैद्य म्हणूनच बहुतेक वेळा दोन्ही वापरतो: आधी मशीन, मग हात.

एक कबुली दोन्ही पद्धतींना द्यावी लागते. कप्पा जसजसा खोल, तसतसे कीटण उरण्याचे प्रमाण वाढते. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे उत्तम हातालाही मुळाचा तळ पूर्ण साफ करणे कठीण जाते. काही महिन्यांनी तपासून अशा जागी शस्त्रक्रिया लागेल का, हे ठरवावे लागते.

दात ढिले कोण करते?

आता पहिल्या रुग्णाची भीती. सफाईनंतर दात हलल्यासारखे वाटतात, दातांत फटी दिसतात, गार पाणी झोंबते. हे सगळे खरे आहे. पण कारण मशीन नव्हे.

आजारात हाड झिजल्यामुळे दाताचा आधार आधीच गेलेला असतो. फटी कीटणाने बुजलेल्या असतात आणि कीटणाचा जाड पट्टा दातांना एकमेकांशी जखडून ठेवतो. भिंत पोखरली गेली असताना वरचा गिलावा तिला उभी धरून आहे असे वाटावे, तसे हे. कीटण निघाले की आधीच झालेले नुकसान उघड होते. शिवाय सुजलेली हिरडी सूज उतरल्यावर आखडते, त्यामुळे दात लांब दिसतात आणि मुळाचा काही भाग उघडा पडून झिणझिण्या येतात. त्या बहुतेकांना काही दिवस ते काही आठवडे जाणवतात आणि हळूहळू कमी होतात. हिरडी घट्ट झाल्यावर अनेकदा हलणारा दातही पूर्वीपेक्षा स्थिर होतो.

मशीन दात झिजवते, हा समज तर प्रयोगाने उलटाच ठरला. १९९१ मध्ये काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत तुलना केली, तेव्हा ठराविक वेळा अवजार फिरवल्यावर क्युरेटने मुळाचा सुमारे १०९ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा थर काढला. अल्ट्रासोनिक मशीनने सुमारे १२ मायक्रोमीटर. हे आकडे दाब आणि हात यांनुसार बदलतात, हे खरे. पण योग्य रीतीने वापरलेले मशीन दाताला खाते, या समजाला आधार नाही.

मुळावरचा थर जास्त खरवडणे हीच पूर्वी चांगली सफाई मानली जात असे. जिवाणूंचे विष मुळात खोल मुरलेले असते, म्हणून मूळ काचेसारखे गुळगुळीत होईपर्यंत तासावे, असे शिकवले जाई. १९८६ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांनी आजारी दातांच्या मुळांवर हे तपासले. केवळ एक मिनिट पाण्यात हलके धुतल्यावर ३९ टक्के विष निघाले आणि त्यानंतर एक मिनिट ब्रश केल्यावर आणखी ६० टक्के. विष पृष्ठभागावरच सैलसे चिकटलेले होते. मूळ तासण्याची गरजच नव्हती. तेव्हापासून कीटण आणि थर काढा, पण मूळ वाचवा, हे धोरण रुजले. मुळाला इजा न करण्याची सुश्रुतांची ताकीद अशा रीतीने पुन्हा पाठ्यपुस्तकांत आली.

मशीन केव्हा टाळावे?

मशीनच्या फवाऱ्यातून लाळ, रक्त आणि जिवाणूंचे सूक्ष्म तुषार हवेत उडतात. २०२० च्या कोविड साथीत म्हणूनच अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रासह अनेक संस्थांनी अल्ट्रासोनिक मशीन शक्यतो टाळण्याचा सल्ला दिला आणि बाजूला पडलेली क्युरेट पुन्हा ट्रेमध्ये आली. क्षयरोगाचा संसर्ग पसरवू शकणाऱ्या रुग्णालाही हाच नियम लावावा. एरवीसुद्धा जोरदार सक्शन, मास्क आणि उपचारापूर्वी जंतुनाशक गुळणी यांमुळे हा धोका बराच कमी होतो.

हृदयात पेसमेकर बसवला असेल तर ते आधीच सांगावे. जुन्या पेसमेकरला चुंबकीय प्रकारच्या मशीनचा अडथळा होण्याची शक्यता असते. कृत्रिम झडप असलेल्यांना कोणत्याही पद्धतीने सफाई करण्यापूर्वी प्रतिजैविकाचा डोस लागतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःहून बंद करू नयेत. दंतवैद्याला सांगावे आणि मूळ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खर्रा: जिथे दोन्ही अवजारे हरतात

विदर्भात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणारा सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा इथल्या हजारो तोंडांत दिवसभर असतो. पूर्व विदर्भात दातांना गुडाखू लावणाऱ्या बायाही कमी नाहीत. जिथे खर्रा दाबून धरतात तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडे पडते. तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्या सफाईनंतर भरून येण्यातही मागे राहतात.

त्याहून वाईट म्हणजे सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक दोरीसारखी होते आणि तोंड उघडेनासे होते. ज्याच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी जात नाहीत, त्याच्या मागच्या दाढेपर्यंत ना क्युरेट पोहोचते, ना मशीनचे टोक. तिथे हात की मशीन हा प्रश्नच उरत नाही. हा विकार कर्करोगाची पूर्वसूचना असू शकतो, हे वेगळे सांगायला नको. हिरड्यांचा उपचार इथे खर्रा सोडण्यापासूनच सुरू होतो.

साखर आणि हिरड्या

हिरड्यांचा आजार तोंडापुरता राहत नाही, याचा सर्वांत भक्कम पुरावा मधुमेहात मिळाला आहे. साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांतील सततची सूज साखर नियंत्रणात येऊ देत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये ३५ चाचण्यांचा आढावा घेतला. हिरड्यांची सफाई झालेल्या मधुमेही रुग्णांचे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण, म्हणजे एचबीएवनसी, तीन-चार महिन्यांत सुमारे ०.४३ टक्क्याने कमी झाले. साडेआठवरून आठच्या जवळ येणे म्हणजे बऱ्यापैकी लाभ. गोळ्या चालू ठेवूनच तो मिळवायचा आहे. पण मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाला ‘ब्रश करताना रक्त येते का?’ हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. येत असेल तर त्याला दंतविभागात पाठवायला हवे.

मग रुग्णाने काय पाहावे?

अवजार कोणते हे विचारण्यापेक्षा काही वेगळे प्रश्न जास्त उपयोगाचे आहेत. सफाईपूर्वी हिरडीच्या कप्प्यांची खोली मोजली का? मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती फिरवून हे मोजतात आणि कागदावर लिहितात. हे न करता केलेली सफाई म्हणजे वरवरची झाडलोट. कप्पे खोल असतील तर एकाच बैठकीत दहा मिनिटांत काम होत नाही. दोन ते चार बैठका लागू शकतात, कधी सुन्न करण्याचे इंजेक्शनही लागते. त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणजे टाळाटाळ नव्हे.

सहा आठवडे ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी करून घ्यावी. फायदा झाला की नाही, हे तिथेच कळते. त्यानंतर आजाराच्या तीव्रतेनुसार दर तीन ते बारा महिन्यांनी तपासणी. अनेकांचा उपचार फसतो तो इथे: रक्त थांबले, की फेरी बंद. सफाईनंतर जिवाणू काही आठवड्यांत कप्प्यात परततात. त्यांना रोखण्याचे काम घरी, रोज दोनदा मऊ ब्रशने आणि दातांच्या फटींत घालायच्या छोट्या ब्रशने करावे लागते. राखुंडी, वीट, कोळसा यांनी दात घासणे बंद करावे. त्यांनी कीटण निघत नाही, दात मात्र झिजतात. आणि चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांतील फ्लोराइडयुक्त पाण्यामुळे दातांवर आलेले तपकिरी डाग कोणत्याही सफाईने जाणार नाहीत. तो दाताचाच रंग आहे, कीटण नव्हे.

नागपुरात मेडिकलच्या परिसरात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीपासून छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण उपचारांसाठी नागपूर गाठतात. एवढ्या दुरून आलेल्याला दोन-तीन फेऱ्या जड जातात, हे खरे. पण त्याच्या हिरडीत चाललेले अवजार हाताचे आहे म्हणून तो हलक्या दर्जाचा उपचार घेत नाही, आणि मशीनचे आहे म्हणून त्याचे दात ढिले होणार नाहीत. धार असलेले क्युरेट आणि चांगल्या टोकाचे मशीन सारखेच काम करतात. पुढची तारीख चुकली, तर मात्र दोघेही निकामी.